चौथ्या माणसाचं नाव

रात्रीचं जेवण आटोपलं की आमच्या घरी थोडा वेळ वाचन चालतं. कधी एखादी हदीस, कधी वर्तमानपत्रातला लेख. गेल्या महिन्यात थोरल्याने कॉलेजच्या लायब्ररीतून लैला लालामी यांची ‘द मूर्स अकाउंट’ ही इंग्रजी कादंबरी आणली आणि रोज थोडी थोडी मराठीत सांगू लागला. लालामी मूळच्या मोरोक्कोच्या. कादंबरी २०१४ सालची.

कथेचा गाभा खरा आहे. १५२८ साली नार्वाएझ या स्पॅनिश सरदाराबरोबर सुमारे ३०० माणसं फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उतरली. सोनं मिळालं नाहीच. भूक, आजार, वादळं आणि लढाया यांत जवळपास सगळेच संपले. १५३६ मध्ये चौघेच पायपीट करत मेक्सिकोतल्या आपल्या लोकांपर्यंत पोहोचले. त्यांतल्या काबेसा दे वाकाने १५४२ मध्ये या प्रवासाची हकिकत छापली आणि तो थोर प्रवासी ठरला. चौथा होता मोरोक्कोतल्या अझेमूरचा गुलाम, एस्तेबानिको. स्थानिकांशी बोलणं, वाटेची चौकशी करणं ही कामं तोच करी, हे त्या हकिकतीतच आहे. तरी त्याच्या वाट्याला मोजक्याच ओळी आल्या.

इथे दादींनी विचारलं, “हे तर मालकांनी ठेवलेलं नाव. आईबापांनी काय ठेवलं होतं?”

आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. ते नाव कुठल्याच कागदात नाही. लालामींनी ती रिकामी जागा कल्पनेने भरली. त्यांचा मुस्तफा आपली कहाणी स्वतः सांगतो, आणि मग इतिहासातले शूर वीर धान्य पळवताना, कैद्यांना फटके मारून सोन्याचा पत्ता विचारताना दिसतात.

आम्हाला जास्त भिडलं ते पुढचं. मुस्तफाही निर्दोष नाही. व्यापाराच्या दिवसांत त्याने माणसं विकून नफा कमावलेला. दुष्काळात घरच्यांसाठी स्वतःला विकायची वेळ येते, तेव्हा ते पाप त्याला छळतं. साक्ष स्वतःविरुद्ध गेली तरी न्यायाचीच द्यावी, ही कुरआनची शिकवण आपण मुलांना सांगतो. घरातल्या, जमातीतल्या गोष्टींत ती पाळताना आपली जीभ अडखळते. लेखिकेची अडखळली नाही.

धाकटीला शाळेत वास्को द गामावर प्रकल्प होता. तिने विचारलं, “मग मी काय लिहू?”

आम्ही सांगितलं, कादंबरी हा पुरावा नसतो, पण ती प्रश्न विचारायला शिकवते. १४९८ मध्ये तो समुद्रमार्गे कालिकतला आला, हे लिही. ते धाडसच होतं. त्याखाली हेही लिही, की १५०२ च्या सफरीत त्याने मलबारच्या किनाऱ्याजवळ मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज माणसांसकट जाळलं. दोन्ही खरं आहे.

तिने दोन्ही लिहिलं. मग म्हणाली, “जहाजावरच्या लोकांची नावं?”

दादी म्हणाल्या, “अल्लाहला ठाऊक आहेत, बेटा.” त्यांनी दुआसाठी हात उचलले. आम्ही सगळे आमीन म्हणालो.