धाकटे चिरंजीव

कानसेनांच्या वस्तीत यांची ओळख आधी गाण्यांनी होते, मग चेहऱ्याने. नाव ‘हीरक राजार देशे’, कूळ बंगाली सिनेमाचं, जन्म १९८०. वडील दिग्दर्शक सत्यजित राय. थोरले बंधू ‘गुपी गाइन बाघा बाइन’, १९६९चे.

थोरले कृष्णधवल कपड्यांत वाढले, रंग त्यांच्या नशिबी अगदी शेवटी आला. धाकटे पहिल्यापासून रंगीत, कारण खर्च पश्चिम बंगाल सरकारचा. सरकारी पैशावर लहानाचे मोठे झाले आणि जन्मभर सत्तेचीच टिंगल करत बसले. याला म्हणतात धमक!

यांना यमकाचं भारी वेड. हीरक राजा दरडावतो तेही जुळवून, दरबारी मान डोलावतात तेही जुळवून. फक्त उदयन पंडित, म्हणजे सौमित्र चटर्जी, सरळ गद्यात बोलतो. हा राजाने शाळा बंद पाडलेला मास्तर. मेंदू धुणारं यंत्र असलेल्या राज्यात मोकळं डोकं ओळखायची ही खूण, आणि ती हे सांगत नाहीत, आपली आपण हेरायची.

घरचे मालक, म्हणजे नायक, गुपी आणि बाघा, पण घर बळकावलंय पाहुण्याने. ‘गोलमाल’मध्ये मिशांवर जीव टाकणारे उत्पल दत्त इथे हीरक राजा आहेत. ते असले की यांना कंठ फुटतो, ते उठून गेले की चेहरा पडतो.

शिवाय साहस थोरल्यांच्या कमाईवर. थोरल्यांच्या वेळी भुतांच्या राजाने गुपी-बाघाला दिलेले तीन वर तेच: टाळी दिली की जेवण, जोडे चढवले की प्रवास, गाणं सुरू झालं की समोरचा जागच्या जागी थिजलेला. मग जीव धोक्यात येणार कसा? तरी खजिन्यातल्या वाघापुढे गुपी गयावया करत गातो आणि बाघा, नजर वाघावर, किल्लीकडे इंच इंच सरकतो, तेव्हा वर ठाऊक असूनही आपण पाय खुर्चीवर घेतो. अनुप घोषालांच्या गळ्याला आणि रायांच्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, ते उगाच नव्हे.

थोरल्यांच्या भुतांच्या नाचाचा विषय मात्र यांच्यापुढे काढू नका. तसलं काही यांच्या गाठीला नाही, आणि ते यांना पक्कं माहीत आहे.

पुढे सत्यजित रायांचे पुत्र संदीप रायांनी तिसरं भावंड घरात आणलं. तेव्हापासून धाकट्यांचा भाव एकदम वधारला.