राजे रघुजी महाराज, तलवार परत आली. आता वाड्यांची नोंद हवी

श्रीमंत सेनासाहेबसुभा राजे रघुजी महाराज भोसले यांचे सेवेसी,


हे पत्र सक्करदऱ्याहून लिहीत आहे. इथल्या एका वस्तीला आपले नाव आहे. शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाचा पत्ता विचारला की उमरेड रोडवरचा कुणीही ‘राजे रघुजी नगर’ म्हणून सांगतो. दिवसातून शेकडो तोंडी आपले नाव येते. मात्र आपण आणि आपल्या वंशजांनी इथे काय बांधले, ते कुणी सलग सांगू शकत नाही. त्यासाठीच हा पत्रप्रपंच.

२०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या सदबीज या लिलावघरात आपली तलवार विक्रीला निघाली. महाराष्ट्र शासनाने ती ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली आणि १८ ऑगस्टला ती मुंबईत आली. आम्हा नागपूरकरांचा ऊर भरून आला. ती आपली म्हणून ओळखता आली, कारण पात्यावर मुठीजवळ देवनागरीत सोन्याने आपले नाव आणि पद कोरलेले आहे. अक्षरे होती म्हणून वारसा हक्काच्या घरी परतला. आपल्या शहरातल्या वाड्यांवर अशी अक्षरे नाहीत. ते आजूबाजूच्या माणसांच्या आठवणीवर उभे आहेत, आणि ही माणसे एकेक करून जात आहेत.

बख्त बुलंद शहाने वसवलेले आणि चांद सुलतानाने तटबंदी केलेले हे गाव आपल्या हाती आले आणि भोसल्यांची राजधानी झाले. आपले नातू, दुसरे रघुजी महाराज यांनी महालात काळ्या दगडाचा, लाकडावरच्या कोरीव कामाने नटलेला राजवाडा उभारला. १८६४ साली तो आगीत गेला. त्याआधी दहा वर्षे राज्य खालसा झाले होते आणि खजिन्यातले जवाहीर लिलावात निघाले होते. राजवाड्यापैकी उरला तो मुख्यतः नगारखान्याचा दरवाजा. त्या राजवाड्याचे चौक किती, माड्या कशा, खांब कोणत्या सुताराने घडवले, याचा संपूर्ण नकाशा आज आमच्या हाती असता, तर आग लागूनही तो वाडा पूर्णपणे गेला नसता.

लिहिणारे होते, नाही असे नाही. काशीराव राजेश्वर गुप्ते यांनी इंग्रज रेसिडेंट जेन्किन्सच्या सांगण्यावरून भोसल्यांची बखर लिहिली. जेन्किन्सचा स्वतःचा अहवाल १८२७ मध्ये निघाला. यादव माधव काळे यांनी नागपूर प्रांताचा इतिहास सिद्ध केला. या मंडळींचे ऋण मोठे आहे. पण त्यांचे लक्ष मोहिमा, तह आणि महसूल यांच्यावर होते. घरांकडे पाहायला त्यांना फारशी सवड नव्हती. १८७० च्या मध्य प्रांताच्या गॅझेटिअरात भोसल्यांच्या बागा सांगितल्या आहेत: महाराजबाग, तुळशीबाग, पालडी, सक्करदरा, सोनेगाव, तेलंगखेडी. सक्करदऱ्याच्या वाट्याला त्या यादीत एक नाव तेवढे आले.

याच सक्करदऱ्यातल्या राजवाड्यात १९०८ साली आपले वंशज आणि आपलेच नाव धारण करणारे रघुजीराव राजे यांनी सूफी संत ताजुद्दीन बाबांना वेड्यांच्या इस्पितळातून जामीन राहून आणून ठेवले. आजही ताजबागला जाणारा भाविक ही कथा सांगतो, ती पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आली. पण ज्या भिंतींत बाबा राहिले त्या कुणी बांधल्या, त्यात चुना किती आणि वीट कोणती, हे त्या कथेत येत नाही. ते विचारणे हे आपल्याच कुळाचे आणि आपल्या शहराचे काम आहे.

आणि हे काम अवघड नाही, महाराज. वाड्याची मोजणी खणांनी होते: दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. दगडी जोत्यावर तळखडा, त्यावर सागवानी खांब, वर तुळई, मग माडी. तुळईवर कोरलेल्या वेलीचा छाप कागदावर घेता येतो. तळखड्याशी लाकूड कुजले असेल तर तेही नोंदवता येते. विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत वास्तुशास्त्र शिकणारी मुले एकेका वाड्याचा आराखडा काढू शकतात. दुसरी बाजू कागदांची. नागपुरात नझूलच्या दप्तरात आणि आखिव पत्रिकेत मालकी कुणाकडून कुणाकडे गेली ते सापडते. जुन्या घरांत कापडी रुमालात बांधलेली मोडी पत्रे आहेत. त्यांत सुतार-गवंड्यांची मजुरी, लाकडाचा भाव, दुरुस्तीचा खर्च असू शकतो. विदर्भ अभिलेखागारात मोडी वाचणारे मिळतात. बांधणाऱ्या कारागिराचे नाव जर कुठे असेल, तर ते या रुमालांतच.

आज वाडा पडतो तो एकाएकी नव्हे. भावांत वाटण्या होतात, भाडेकरूशी खटला चालतो, पावसाळ्यात कौले गळतात, शेवटी बिल्डर येतो आणि सहा मजल्यांचा नकाशा मंजूर होतो. मालकाला दोष देऊ नये. इतक्या जुन्या लाकडाची निगा राखणे एका कुटुंबाच्या आवाक्याबाहेर असते. म्हणून माझे मागणे एवढेच: पाडायचाच असेल तर पाडण्याआधी मोजावा, छायाचित्रे घ्यावीत, कागद अभिलेखागाराला दाखवावेत. ही नोंद झाल्याशिवाय महानगरपालिकेने जुने बांधकाम पाडण्याची परवानगी देऊ नये.

महाराज, ज्या शासनाने आपल्या तलवारीसाठी लाखो रुपये मोजले, त्याला हे जमेल. पण शासनावरच सोडून भागणार नाही. सक्करदऱ्यातल्या, महालातल्या प्रत्येक घराला माझे हात जोडून सांगणे आहे. माळ्यावर मोडी कागदांचा रुमाल असेल तर तो रद्दीला देऊ नका. तो खाली काढा, उन्हात न ठेवता सावलीत झटका, आणि अभिलेखागारात घेऊन जा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

सक्करदऱ्याचा एक रहिवासी