कडब्याचा रकाना

पंढरपूर तालुक्यात तलाठी म्हणून मी सव्वीस वर्षे काढली, आणि दरसाल माघी वारी उलगडण्याच्या सुमारास रब्बी ज्वारीच्या पीककापणीचे जे काम माझ्याकडे येई, ते मला इतर कागदी कामांहून नेहमीच अधिक प्रिय असे. कारण दोरीने तुकडा आखावा, त्यातील ताटे उपटून कणसे खुडावीत, ती बडवून दाणे पाखडावेत आणि पंचांसमक्ष तागडीत घालावेत, या क्रमात खोट्याला फारसा वाव राहत नाही. निदान दप्तराइतका तरी नाही.

एका साली मंगळवेढ्याच्या वाटेवर बांधाला बांध लागून असलेल्या दोन रानांत आम्ही कापणी घेतली. जमीन एकच काळी, पाऊस एकाच हस्ताचा. मात्र एका रानात आमच्याच जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ आणि दुसऱ्यात राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले वसुधा. दाणे वसुधेचे अधिक भरले. मालदांडीचा खातेदार, वयोवृद्ध गृहस्थ, तागडीकडे न पाहताच म्हणाला, "भाऊसाहेब, दाणं तोलून झालं असंल तर आता माझा कडबाबी तोला की." मी हसलो आणि पंचनाम्यावर सह्या घेतल्या.

त्या वाक्याने पुन्हा गाठले ते निवृत्तीनंतर, हैदराबादेस. कृषी महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या भाच्याने मला तेथील केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेत नेले होते. पारदर्शक भिंतींच्या, माथ्यावर मोकळ्या अशा कोठड्यांत पिके उभी होती, आणि नळीवाटे आत कर्बवायू सोडून त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत ५५० राखले जात होते. हवाई बेटावरील मौना लोआ येथे १९५८ साली मोजणी सुरू झाली तेव्हा हवेत तो सुमारे ३१५ होता. आज ४२०च्या वर गेला आहे. "मग पीक वाढलेच पाहिजे," मी म्हणालो.

"कुठले पीक, मामा? आणि कुठले वाण?" भाच्याने विचारले, आणि परतीच्या गाडीत रात्रभर त्याने माझे अज्ञान दूर केले. ज्वारी आणि ऊस, म्हणजे आमच्या तालुक्याची जिरायत आणि उजनी धरणानंतरची बागायत दोन्ही, आपल्या पानात हा वायू आधीच एकवटून घेतात; म्हणून बाहेरची वाढ त्यांना फारशी कामी येत नाही, फक्त पानांची रंध्रे आकसून पाणी कमी उडते, आणि ओल तुटू लागली तरच त्याचा लाभ दिसतो. हरभरा, करडई, गहू यांना मात्र तो प्रत्यक्ष खाद्य ठरतो, जरी गव्हाच्या दाण्यातले प्रथिन आणि जस्त त्यापायी उतरत असले तरी.

माझे लक्ष वेधले ते जपानी भाताने. तेथे उघड्या खाचरांत हा वायू सुमारे २०० भागांनी वाढवून आठ वाणांची तुलना केली, तेव्हा उत्पन्नातील वाढ एका वाणात ३ टक्के, तर दुसऱ्यात ३६ टक्क्यांपर्यंत भरली. ताकानारी नावाचे भरघोस लोंब्यांचे वाण त्यात उठून दिसले. पानाने कमावलेले ठेवायला लोंबीत जागा हवी. जागा नसेल तर कमाई पानाताटातच अडकून राहते, किंवा पानच हात आखडते.

ताटात! मला एकदम तो वृद्ध खातेदार दिसला. त्याच्या मालदांडीची कमाई कणसात कमी आणि धाटात अधिक जात होती, आणि दावणीला चार जनावरे असलेल्या माणसाला ती कमाई मुळीच वाया गेलेली नव्हती. आम्ही मात्र दाणे तेवढेच तोलत होतो.

गेल्या माघात माझ्या दीड एकरात दोन्ही वाणे काढणीस आली. भाचा वजनकाटा घेऊन आला, मी जुन्या वहीत नेहमीप्रमाणे रकाने आखले, आणि दाण्याच्या उजवीकडे, समासात, पेन्सिलीने आणखी एक.

"हा कशाचा?" त्याने विचारले.

"पेंढ्या आण आधी," मी म्हणालो.