मावळातील तांबडी वेल

श्रावणातील एखाद्या सकाळी पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलने निघावे आणि मळवली स्थानकावर उतरावे. द्रुतगती महामार्गावरील पूल ओलांडून भाजे गावाकडे वळले की भातखाचरांच्या कडेने कुंपणे लागतात. समोर लोहगड आणि विसापूर ढगांत अर्धे बुडालेले असतात. लेण्यांच्या पायऱ्या चढणे आपल्याला जमत नसेल, तरी मन खट्टू करू नये. आज जे पाहायचे आहे ते कुंपणावरच आहे. हिरव्या दाटीत मध्येच ज्योत पेटल्यासारखे एक फूल दिसते. बुडाशी पिवळे, टोकांकडे लालभडक, सहाही पाकळ्या मागे वळलेल्या आणि कडांना नागमोडी चुण्या. ही कळलावी. कोणी हिला अग्निशिखा म्हणते, कोणी वाघनखी.

माझ्या वडिलांनी वयाच्या ८२ व्या वर्षी ‘ती तांबडी वेल’ अंगणात लावण्याचा हट्ट धरला. विस्मरणाचा आजार सुरू झाला होता. वेलीचे नाव त्यांना आठवत नव्हते. मी एका रोपवाटिकेतून तांबड्या फुलांची विलायती क्लेमॅटिस आणली. लोणावळ्याच्या पहिल्याच पावसाळ्यात ती मुळाशी कुजली. दोष रोपाचा नव्हता. बागेतील बहुतेक क्लेमॅटिसना थंडीत विश्रांती आणि मुळाशी गारवा लागतो, पण साचलेले पाणी त्यांना सोसत नाही. आपल्याकडे वर्षाला ४००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो!

याच कुळातील आपली सह्याद्रीची वेल म्हणजे मोरवेल, अर्थात रानजाई. पानांच्या देठांनीच ती आधाराला विळखा घालते आणि पाऊस ओसरू लागला की झुडपांवर पांढरी फुले पसरते. पुढे तिच्या बियांना पिसांसारखे तुरे येतात. मात्र ही वेल पांढरी, तांबडी नव्हे. वडिलांना कोणती वेल हवी होती, हे भाज्याच्या वाटेवर त्यांनी बोट दाखवले तेव्हाच मला उमगले.

कळलावी घरी लावावी का? आपल्या घरी वृद्ध, विशेषतः विस्मरणाचे रुग्ण किंवा लहान मुले असतील, तर माझे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. या वेलीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसीन हे तीव्र विष असते. तिचा कंद नांगरासारखा दुभंगलेला असतो, म्हणून संस्कृतात तिला लांगली म्हणतात. खाण्याचा कंद समजून तो खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. काही तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात. पुढे मूत्रपिंडे व अन्य अवयव निकामी होऊ शकतात. हेच कोल्चिसीन संधिवाताच्या ‘गाऊट’ या प्रकारावर औषध म्हणून दिले जाते; परंतु अगदी मोजक्या मात्रेत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. म्हणून ‘सांध्यांवर गुणकारी’ असे ऐकून घरी कंद उगाळण्याचा मोह कदापि धरू नये. कोणी चुकून खाल्लेच, तर लक्षणांची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि वेलीचा तुकडा पिशवीत घालून सोबत न्यावा.

विस्मरणाच्या आजारात माणूस हाताला लागेल ते तोंडात घालतो, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. वडिलांचेही तसेच होऊ लागले होते. म्हणून कळलावी कुंपणावरच राहू दिली आणि अंगणात गणेशवेल लावली.

तिची रीत सोपी आहे. टणक बी रात्रभर पाण्यात भिजवावे आणि जूनमध्ये, पहिल्या सरींनंतर, तळाला भोके असलेल्या कुंडीत पेरावे. माती भुसभुशीत असावी. उन्हाची जागा निवडावी. कुंडी कमरेइतक्या उंच कट्ट्यावर ठेवावी, म्हणजे वाकावे लागत नाही. आधाराला सुतळी पुरते. पिसासारख्या नाजूक पानांतून गणेशोत्सवाच्या सुमारास तांबड्या चांदण्या उमलू लागतात. हिच्याही बिया खाण्याजोग्या नाहीत. त्या वेळीच खुडून डब्यात बंद ठेवाव्यात. भक्कम मांडव असेल तर मधुमालतीही लावता येईल. तिचे फूल संध्याकाळी पांढरे उमलते, मग गुलाबी आणि शेवटी तांबडे होते.

एक सूचना विसरू नये: लोणावळ्याच्या पावसात फरशीवर शेवाळ धरते. कुंडीपर्यंतची वाट घासून कोरडी ठेवावी आणि वृद्धांनी कोणाचा तरी हात धरूनच तिकडे जावे. फुलापायी खुब्याचे हाड मोडणे परवडणारे नाही.

आता दर श्रावणात आम्ही वडिलांना गाडीने भाज्याला नेतो. कुंपणापासून चार हात दूर खुर्ची मांडतो, चहा पाजतो, कळलावी डोळे भरून पाहू देतो आणि परततो. इतर दिवशी ते सकाळी गणेशवेलीपाशी बसून उमललेली फुले मोजतात. तिलाही ते ‘माझी भाज्याची वेल’ म्हणतात. मी ती चूक दुरुस्त करत नाही.