आईचा सोमवार

सोमवारचा उपवास बहुतेक घरांत असतो. दिवसभर उपाशी राहायचे किंवा शाबूची खिचडी खायची आणि सांजेला महादेवापुढे दिवा लावून उपवास सोडायचा, ही रीत. आमच्या आईचा सोमवार मात्र उलटा. ती दुपारी पोटभर जेवते आणि रात्री पाणी पिऊन झोपते. लहानपणापासून हे पाहत आलो, पण पन्नाशी ओलांडून चार वर्षे झाली तरी त्यातला उलटेपणा माझ्या ध्यानात आला नव्हता. 'पिकाचे बारकाईने निरीक्षण करा' असे गावोगाव सांगत हिंडणाऱ्या कृषी विस्तार अधिकाऱ्याची ही गोष्ट!

ध्यानात आला तो आजारपणामुळे. आईला मधुमेह आहे. गेल्या श्रावणात एका सोमवारी रात्री तिला दरदरून घाम सुटला, हात कापू लागले. सौ.ने चटकन साखरपाणी पाजले म्हणून निभावले. गोळ्या चालू असताना रात्री उपाशी झोपायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. घरी आल्यावर मी म्हणालो, "आई, महादेव काही रागावायचा नाही. आता सोमवार सोड."

"ह्यो म्हादेवाचा न्हाई," आई म्हणाली, "लालबहादूर शास्त्रींचा हाय."

मी बघतच राहिलो. १९६५ साली पाऊस हुकला, त्यातच पाकिस्तानशी युद्ध झाले. देशाची मदार अमेरिकेहून येणाऱ्या गव्हावर होती. तेव्हा शास्त्रीजींनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडायची हाक दिली आणि लोक सोमवारी रात्री उपाशी राहू लागले. १ जुलैच्या कृषिदिनाला हे मी भाषणात कितीदा सांगितले असेल! आणि त्यातला एक सोमवार माझ्याच स्वयंपाकघरात अजून चालू होता.

"पण बाकीच्यांनी कधीच सोडला. तूच का धरून बसलीस?"

आई बराच वेळ गप्प होती. मग सांगू लागली. आमची आक्का तेव्हा चार महिन्यांची, अंगावर पिणारी. घरातली सगळी सोमवार धरायची, आईही. त्या सोमवारी मात्र आजीने तिला बळेच जेवायला बसवले. पोर रात्रभर रडते, दूध पुरत नाही, म्हणून. आईने दीड भाकरी खाल्ली. तो सोमवार १० जानेवारी १९६६ चा. त्याच रात्री, मंगळवार उजाडण्याआधी, ताश्कंदला शास्त्रीजी गेले. सकाळी चावडीवरच्या रेडिओची बातमी मळ्यात आली तेव्हा आण्णांची मोट चालू होती. त्यांनी तिथेच बैल सोडले. गव्हाचे निम्मे वाफे भिजले, निम्मे कोरडेच राहिले. संक्रांत तीन दिवसांवर आली होती, भाजलेले तीळ तसेच डब्यात पडून राहिले.

"समदी रडत व्हती," आई म्हणाली, "आन माझ्या पोटात ती दीड भाकर."

"अगं, तुझ्या भाकरीचा आणि त्यांच्या जाण्याचा काय संबंध?"

"संबंध न्हाई ह्ये मलाबी कळतंय. तू शिकला म्हनून सांगू नगंस."

आजी असेपर्यंत तिला हे बोलता आले नाही, म्हाताऱ्या जिवाला लागले असते म्हणून. आण्णांनाही सांगितले नाही. साठ वर्षांच्या घरात गेली ही गोष्ट, आणि ती कोणाला ठाऊक नव्हती.

बी.एस्सी. कृषीच्या पुस्तकांत यावर इलाज नव्हता. शेवटी मी म्हणालो, "तेव्हा आक्कासाठी आजीने जेवायला लावले, आता तुझ्यासाठी मी लावतो. तुझा सोमवार माझ्याकडे दे."

तिने लगेच होकार दिला नाही. चार दिवसांनी म्हणाली, "चहा बी चालत न्हाई बरं का."

माझ्या पोटाचा घेर पाहून सौ.ला हसू आवरेना. पहिल्या सोमवारी मला झोपच आली नाही. आता सवय होते आहे. आई माझ्यासमोर बसून अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाते, आणि खाता खाता माझ्या तांब्यात पाणीच आहे ना, हे वाकून बघते.