हमी कोणाच्या नावाची? : सिकंदराबादच्या पार्क लेनमधील एक फेरी

हैदराबादेतील मराठी कुटुंबास सुलतान बाजार, काचीगुडा, बेगम बाजार हे भाग घरच्या अंगणासारखे परिचित असतात. हुसेनसागरापलीकडचे सिकंदराबाद मात्र अजूनही थोडे परगाव वाटते. तिसरे निजाम सिकंदर जाह यांच्या नावाने १८०६ साली वसलेले हे छावणीचे गाव. आता तेथे जाणे सोपे झाले आहे. सुलतान बाजारास मेट्रोत बसावे, परेड ग्राउंडला गाडी बदलावी, की पुढचेच स्थानक पॅरडाइज. तेथून थोडे चालले की पार्क लेन लागते आणि तिच्यावर उभी असते संगणकांची पेठ, चिनॉय ट्रेड सेंटर. सगळे शहर तिला 'सीटीसी' म्हणूनच ओळखते.

मजल्यावर मजले आणि प्रत्येक मजल्यावर दुकानाला दुकान लागून. कोठे नव्या यंत्रांच्या पेट्यांची चळत, कोठे भिंगाखाली मदरबोर्ड धरून डाग देणारा कारागीर, तर कोठे काउंटरवर ओळीने मांडलेले जुने लॅपटॉप. मोठ्या कंपन्या तीनचार वर्षांनी आपली यंत्रे बदलतात आणि ती पुसूनपासून अशा पेठांत येतात. नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत यंत्र मिळते, म्हणून येथे गर्दी असते ती बहुतेक विद्यार्थ्यांची आणि त्यांच्या पालकांची.

आम्ही गेलो होतो ते अशाच एका विद्यार्थिनीसाठी. आमच्या शाळेतून निघून ती पदवीच्या वर्गात गेली आहे. तिचे वडील बेगम बाजारातील एका पेढीवर वर्षानुवर्षे खातेवही लिहीत आले. गाठीशी अठरा हजार रुपये, आणि तेही मुलीच्या आईने भिशीतून साठवलेले. यंत्र चार महिन्यांत बंद पडले, तर दुसरे घेण्याची सोय नाही.

दुकानदाराने एक लॅपटॉप पुढे सरकवला. "वारंटी बाकी है साब, सात महिने की. टेन्शन नक्को लेव," तो म्हणाला. (आपल्या 'नको'ला दख्खनी बोलीने असे प्रेमाने पोटाशी धरले आहे.) मुलीचे वडील क्षणभर थांबले आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "सर, ही हमी नामजोग आहे की दाखवील त्याची?"

हुंडीच्या व्यवहारातील हा प्रश्न संगणकाच्या दुकानात ऐकून आम्हांस मोठे कौतुक वाटले, कारण सारे मर्म त्यातच आहे. नामजोग हुंडीचे पैसे तीत नाव असलेल्यासच मिळत. दुसऱ्या प्रकारची हुंडी जो आणून दाखवील त्यास वटे. कंपनीची हमी ही देखील एक हुंडीच होय. ती यंत्राच्या क्रमांकास बांधलेली असेल, तर यंत्राबरोबर नव्या धन्याकडे जाते. पहिल्या खरेदीदाराच्या नावाने असेल, तर विक्रीबरोबर संपते. अमेरिकेत १९७५ साली झालेल्या हमीविषयक कायद्यानेही हाच भेद मानला : 'पूर्ण' हमी मुदतीत प्रत्येक ग्राहकास लागू, 'मर्यादित' हमी पहिल्या खरेदीदारापुरती ठेवता येते.

व्यवहारात काय आढळते? नामांकित कंपन्यांच्या तयार लॅपटॉपची हमी बहुधा यंत्राच्या क्रमांकावरून पाहता येते. डेलसारखी कंपनी यंत्राच्या पाठीवर सात अक्षरांकांचा सर्व्हिस टॅग देते आणि मालकी बदलल्याची नोंद करून घेण्याची सोयही ठेवते. सुटे भाग जुळवून केलेल्या संगणकाची गोष्ट वेगळी. त्यात पॉवर सप्लाय एका कंपनीचा, मेमरी दुसरीची, ग्राफिक कार्ड तिसरीचे. प्रत्येकाची हमी निराळी, आणि 'फक्त मूळ खरेदीदारास' ही ओळ अनेक हमीपत्रांत बारीक अक्षरांत दडलेली असते. तयार यंत्रातून काढलेली हार्ड डिस्क सुटी विकत घेतली, तर तिचा निर्माता बहुधा हात वर करतो. कारण तिची जबाबदारी यंत्र बनवणाऱ्या कंपनीने घेतलेली असते. परदेशातून आणलेल्या यंत्राची हमी येथे चालेलच, असेही धरून चालू नये.

मुलीने तेथेच आपल्या मोबाइलवर क्रमांक घालून पाहिला. मुदत खरोखरच सात महिने शिल्लक होती. मग तिच्या वडिलांनी शांतपणे मूळ बिलाची प्रत मागितली, मालकी बदलाची नोंद करून देण्यास सांगितले, आणि दुकानदाराची स्वतःची तीन महिन्यांची हमी यंत्राच्या क्रमांकासह पक्क्या बिलावर लिहून घेतली. दुकानदार थोडा कुरकुरला, पण त्याने लिहून दिले. शेजारी ठेवलेला जुळवणीचा संगणक तीन हजारांनी स्वस्त होता. त्यावर कंपनीची हमी तुम्हांस मिळणार नाही, हे मात्र त्याने आपणहून सांगितले. अशी सचोटीही या पेठेत भेटते, हे नमूद केले पाहिजे.

ही लिहून घेतलेली ओळ पुढे कामास येते. २० जुलै २०२० पासून अमलात असलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, स्वतःच्या वापरासाठी मोल देऊन वस्तू घेणारा तो ग्राहक. दुकानातून जुनी वस्तू घेणाऱ्यासही दुकानदाराकडे दाद मागता येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पुढे जिल्हा आयोग आहेच. पण तोंडी शब्दाला साक्षीदार कोठून आणणार? ओळखीच्या माणसाकडून परस्पर यंत्र घेतले, तर तेथे दुकानही नसते. तेव्हा मूळ बिल मागण्यात संकोच मुळीच करू नये.

आबिड्सच्या पदपथावर रविवारी जुनी पुस्तके घेताना आम्ही हमी कधी विचारीत नाही. पाने चाळली की पुस्तकाची पारख होते. यंत्राचे पोट तसे उघडून वाचता येत नाही. म्हणून आपल्या घरांतील मुले अशा पेठेत निघाली, की त्यांच्याबरोबर हिशेबाचे जुने वळण असलेले एक वडीलधारे माणूस अवश्य पाठवावे. क्रमांक तपासणे मुलांस येते. कागद मागणे आपल्या पिढीस येते. दोन्ही एकत्र आली, म्हणजे भिशीचे पैसे सुखरूप राहतात.