रंगीत पानांचं बिऱ्हाड

बेळगावच्या टिळकवाडीत जुन्या कौलारू घरांवरून चालत गेलं, की कुंपणातून क्रोटन हमखास डोकावतो. हिरव्यावर पिवळे शिंतोडे, शेंदरी शिरा, कुठे पिळदार लाल पानं! फुलाला रूप नाही, वास नाही, देवपूजेलाही ते कामाचं नाही. पण आमच्या सासूबाई म्हणायच्या, "याची पानंच फुलं!"

हे झाड मूळचं आपलं नव्हे. मलेशिया-इंडोनेशियाची बेटं हे त्याचं माहेर. लिनियसने १७५३ मध्ये त्याला 'क्रोटन' म्हटलं. पुढे शास्त्रज्ञांनी त्याला 'कोडियम' या वेगळ्या गटात घातलं, तरी माळ्यांनी जुनं नाव सोडलं नाही. शास्त्राच्या हिशेबात खरा क्रोटन म्हणजे आपला जमालगोटा, कन्नडातला जापाळ. दोघंही एरंडाच्या कुळातले.

दोन वर्षांपूर्वी आमचं घर विकायचं ठरलं. तिथे इमारत होणार होती. भांडीकुंडी वाटली गेली, पण सासूबाईंनी लावलेल्या क्रोटनचं काय? बी पेरून तोच रंग येईल याचा भरवसा नसतो. तोच रंग हवा तर त्याच झाडाची फांदी हवी. म्हणून जूनअखेरीस गुटी बांधली. पेन्सिलीएवढ्या फांदीची बोटाच्या पेराएवढी साल गोल काढायची, त्यावर ओलं शेवाळ लावायचं आणि प्लॅस्टिक गुंडाळून दोन्ही टोकांना सुतळी आवळायची. दीड महिन्यात प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसू लागली.

ऑगस्टमध्ये तीन गुट्या पिशवीत घालून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बेंगळुरूला लेकीकडे निघाले. तिचं सासर कन्नड. विहीणबाईंना मराठी येत नाही, माझं कन्नड बाजारापुरतं. त्या मला लालबागेत स्वातंत्र्यदिनाच्या पुष्पप्रदर्शनाला घेऊन गेल्या. हैदर अलीने १७६० मध्ये सुरू केलेली ही बाग आज २४० एकरांवर पसरली आहे. १८८९ मध्ये पायाभरणी झालेलं तिथलं काचघर फुलांनी भरून गेलं होतं. सगळे गुलाबांपाशी, मी मात्र रंगीत पानांच्या कुंड्या शोधत होते. माझी नजर ओळखून विहीणबाई म्हणाल्या, "हूविगिंत एलेने चंद!" फुलापेक्षा पानच सुंदर. सासूबाईंचंच वाक्य, फक्त भाषा दुसरी. मला पुढे काही बोलताच आलं नाही.

गुट्या त्यांच्या गच्चीवर लागल्या. जागा बदलली की क्रोटन रुसतो, पानं गाळतो. एकाने सगळी गाळली, पण महिन्याभराने नवी पालवी फुटली. कोवळी पानं हिरवीच असतात. जून झाली, ऊन मिळालं की रंग चढतो. सावलीत ठेवलं तर झाड हिरवंच राहतं. छाटताना येणारा चीक मात्र जपा. कपड्याला डाग पडतो, कातडी चुरचुरते, डोळ्यात तर जाऊच देऊ नये. पानं लहान मुलांच्या, कुत्र्या-मांजरांच्या तोंडात जाणार नाहीत हेही पाहावं.

टिळकवाडीतलं ते कुंपण आता नाही. पण गच्चीवरची झाडं त्याचीच रोपं नव्हेत, ते तेच झाड आहे. तुमच्याही अंगणात जुना क्रोटन असेल, तर या पावसाळ्यात एक गुटी बांधा आणि लेकीला, सुनेला, शेजारणीला द्या. घर हलतं तेव्हा सगळंच नेता येत नाही, एक फांदी मात्र नेता येते.